नावं संपेपर्यंत

"त्या जागी विनोद नकोच होता," दाढीवाला म्हणाला. "गुरू मेलाय, प्रेत अजून गरम आहे, आणि वादळवीर कोट्या करतो?"

"अरे, तोच तर खरा वादळवीर!" चष्मेवाला बाकावर पुढे सरकला. "रडायचंच होतं तर तिकीट कशाला काढायचं? घरी बसून रडलो असतो."

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताई समोरच्या बाकावर बसून ऐकत होती. दोघांच्या मागे एक बंद दार होतं आणि दाराआड तिचा धाकटा भाऊ, छातीला नळ्या लावलेला. शिवणाचं दुकान उघडं टाकून ती धावत आली होती. टेप गळ्यात तशीच लोंबत होती. मांडीवरच्या पिशवीत भावाची पाठीवर सोडायची निळी झूल होती. सिनेमातल्या वादळवीराची असते तशी. ती तिनेच शिवून दिली होती, बत्तीस वर्षांच्या घोड्याला हे असलं शोभतं का, असं म्हणत म्हणत. नर्सने ती मधोमध कापून तिच्या हातात दिली होती.

या दोघांच्या पाठीवर मात्र झुली धडधाकट होत्या. भावाचे हे जिवलग. पहिल्या भागापासून तिघं एकाच रांगेत बसत, भाऊ नेहमी मधे, नाहीतर हे दोघे हातघाईवर येत. आज दुपारी पाचवा भाग लागला होता.

दार उघडलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या.

"पेशंटबरोबर कोण होतं? दुखायला कधी लागलं? नीट आठवून सांगा, पुढचं औषध त्यावर ठरणार आहे."

दोघं ताडकन उठले.

"गुरू मरतो तेव्हा," दाढीवाला म्हणाला. "त्याने छाती दाबून धरली. मला वाटलं, भरून आलं असेल."

"छे, त्याच्यानंतर. पोपटाच्या विनोदाला. पार वाकला होता. मला वाटलं, हसतोय."

"त्या भिकार विनोदाला कोण हसेल?"

"अख्खं थिएटर हसत होतं!"

"म्हणून तर मालिकेची वाट लागली!"

ताईचा जीव इथे टांगणीला लागला होता आणि हे दोघे पोपट घेऊन बसले होते.

"मध्यांतराआधी की नंतर, तेवढंच सांगा!" डॉक्टरबाई कडाडल्या.

"नंतर," चष्मेवाला ओशाळून म्हणाला. "जरा वेळाने."

"म्हणजे तास उलटून गेला. कुठल्या थिएटरात होतात?"

चष्मेवाल्याने खिडकीकडे बोट केलं. रस्त्यापलीकडे, अगदी समोर, थिएटरवरच्या पोस्टरात इमारतभर उंचीचा वादळवीर दात काढून हसत होता. डॉक्टरबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा या दोघांकडे. "रस्ता ओलांडायला तास लागला?" एवढंच म्हणून त्या आत पळाल्या. दार बंद झालं.

"तो तुम्हाला काही बोलला नाही?" ताईने विचारलं.

"बोलला ना. बाहेर जाऊ या म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, थांब रे जरा, आता शेवटच आलाय," दाढीवाला म्हणाला.

"आणि शेवट झाल्यावर?"

दाढीवाल्याने गळ्याजवळची झुलीची गाठ चाचपली. "नावं चालू होती ना, ताई. नावं संपल्यावर एक छोटासा सीन असतो. तो चुकला तर पुढच्या भागाचं काही कळत नाही. तो बघितल्याशिवाय कुणीच उठत नाही, ताई." हे त्याने लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं.

ताईला नुसता राग आला असता तर बरं झालं असतं. दोघांच्या थोबाडीत देऊन ती मोकळी झाली असती. पण तिला शिसारी आली, मोरीच्या जाळीत बोट घालावं लागलं की येते तशी. आपण या दोघांना घरी बोलावून जेवू घातलंय, यांच्या उसवलेल्या झुलीही टाके घालून दिल्यात, हे आठवून तिला स्वतःच्या हातांचीही किळस वाटली.

"काय होतं त्या सीनमध्ये?" तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्याच्यासाठी तिच्या भावाला बसवून ठेवलं, ते निदान होतं तरी काय?

चष्मेवाल्याचा आवाज लगेच खुलला. "वादळवीर एकटाच खुर्चीत बसलेला असतो, ताई. काही बोलत नाही. आणि एकदम मोठ्ठी जांभई देतो! मान कलते, अंधार. बस्. असले हसलो ना!"

"जांभई?" दाढीवाला उसळला. "शेवटचा श्वास आहे तो, गाढवा! मरतो तो!"

"झोप लागते त्याला!"

"झोपेत कुणाची मान अशी पडते?" दाढीवाल्याने तोंड उघडं टाकून, मान खांद्यावर पाडून दाखवली. चष्मेवाल्याने लगेच त्याच्यापुढे आपली मान पाडून दाखवली, थोडी निराळी, थोडी घोरत.

पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाई दोघांकडे बघतच राहिल्या.

ताई उठून दोघांच्या पुढ्यात उभी राहिली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"आणि तेव्हा माझ्या भावाची मान कशी होती?"

दोघांनी माना सरळ केल्या. चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आम्ही पडद्याकडे बघत होतो, ताई."

या खेपेला दाढीवाल्याने त्याला खोडून काढलं नाही.