मातीच्या माणसाचा वास

"हा कुठल्याही कोळ्याचा वास आहे, बाई. माझ्या नवऱ्याचा नाही."

न्यानने कागदाची पट्टी टेबलावर टाकली. ही तिची तिसरी खेप. लीसन बेटावरून होडी, मग बस, मग होईअनच्या गल्लीतलं हे थोआचं अत्तराचं दुकान. थोआ अगरूच्या जुन्या अत्तरात नको ते घालायची. कधी पपनसाची फुलं, कधी चुलीचा धूर, एकदा तर माशाचं खारवण. म्हातारे नाक मुरडायचे आणि तरुण पोरी बाटल्या उचलून न्यायच्या.

न्यानला अत्तर अंगाला लावायचं नव्हतं. चार वर्षांपूर्वी वादळात तिच्या नवऱ्याची, विन्हची बोट बुडाली. प्रेत मिळालं नाही. अशा माणसाचा बेटावर मातीचा पुतळा करतात, तुतीच्या काड्यांची हाडं घालतात, आत्म्याला हाक मारतात आणि पुरतात. विन्हचा पुतळा दोनदा केला. आत्मा आला का हे विचारायला भगत दोन नाणी उडवतो, एक उताणं आणि एक पालथं पडलं तर आला. विन्हच्या वेळी दोन्ही पालथी पडत राहिली. पुतळे तसेच मोडून टाकावे लागले.

"येतच नाही हो," न्यान म्हणाली. "जिवंतपणीही तसाच. दहा हाका मारा, ओ म्हणून द्यायचा नाही. म्हटलं, त्याचाच वास पुतळ्याला चोपडावा. मग तरी ओळखेल."

नमुन्याला तिने पहिल्याच खेपेला त्याचा सदरा आणला होता. पण परक्या घरी मळकं कापड कसं न्यायचं म्हणून सासूबाईंनी तो आदल्या दिवशी साबणाने खळखळून धुतला होता. त्यात विन्हचं काही उरलं नव्हतं. आशा वेडी असते, म्हणून न्यान तरीही येत होती.

तिने पिशवीतून फोटो काढला. "हा बघून काही सुचतंय का?"

थोआने तो न बघताच परत सारला. "नाकाला चेहऱ्याचं काय काम, ताई?"

"राहू दे मग. आलेच आहे तर इथल्या धक्क्यावर दाखवते, कुणी पाहिलाय का त्याला. उद्या दानांगच्या बंदरात जाईन. पुतळा पुरला जात नाही तोवर हेच माझं नशीब."

"आणि पुरला तर?"

"तर संपलं. डोक्याचं हे सुतकाचं पांढरं फडकं जाळेन आणि गुमान लसूण लावीन. कुणाला शोधणार मग?"

थोआ उठली. "बसा. धक्क्यावर जाऊ नका, ऊन फार आहे."

तिने पुन्हा मिश्रण केलं. डिझेल, सुकं माकूल, लसणाच्या शेतातली वाळू. एका लहान बाटलीकडे तिचा हात गेला, मागे आला, पुन्हा गेला. त्यातला एक थेंब तिने टाकला.

न्यानने पट्टी नाकाशी नेली.

"लवंग! त्याची दाढ! मीच विसरले होते, मेली. तुम्हाला कसं कळलं?"

"दर्यावर दाताचा डॉक्टर कुठला? सगळेच लवंग धरतात."

न्यान हमसून रडली. थोआलाही रडू आवरेना, आणि ते रडू खोटं नव्हतं.

"या वेळी नाणी नीट पडतील ना हो?"

"पडतील, ताई. पाडूनच घ्या."

थोआने पैसे घेतले नाहीत. मग न्यानने लसणाची जुडी बळेच तिच्या हातात कोंबली. "घरचा आहे. गाठ कापूनच काढा. मी डावरी ना, माझी गाठ कुणाच्या बापाला सुटत नाही."

बस कोपऱ्यावरून वळेपर्यंत थोआ दारात उभी राहिली. मग तिने दुकान लावून घेतलं आणि जुडी घेऊन वर गेली. वरच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी बंदच असते.

चटईवर बसलेल्या माणसापुढे तिने जुडी ठेवली. त्याने त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

"सुटायची नाही ती," तो म्हणाला. "सुरी आण." आणि दुखऱ्या दाढेखाली त्याने नवी लवंग धरली.