खांबावरच्या खाचा

समुद्रानं उघड्या पाडलेल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी खांबाला शलाकानं लाकडावरच्या कापाचं वय सांगणारं कालमापक यंत्र टेकवलं आणि ते वाजलं. मांडीपासून वर पाच खाचा होत्या, एकेका वर्षाच्या अंतरानं कोरलेल्या.

"मुलाची उंची मोजलीय हो, तांडेलमामा!" कडेवरच्या लहानग्या लेकीला, ओवीला, तिनं घट्ट धरलं. "पण पाचव्या वर्षानंतर काहीच नाही."

"भरती लागली, ताई. खांब आजच वाहून जाणार. होडीत चला!" होडी धरून उभे असलेले तांडेलमामा ओरडले.

"एवढं बघू द्या."

पाणी घोट्यांवर चढलं तरी ती वरचं शेवाळ नखांनी खरवडत राहिली. शेवाळाखाली सहावी खाच होती. मग सातवी, आठवी... सतरावी थेट तिच्या कपाळासमोर आली.

खांबाच्या मागच्या बाजूला टेकवताच यंत्र पुन्हा वाजलं. तिथं मांडीएवढ्या उंचीवर आणखी एक खाच होती, सतराव्या खाचेनंतर आठ वर्षांनी कोरलेली.

"अगो बाय," तांडेलमामा होडी विसरून म्हणाले, "नातवंड झालं की!"