मागचं चाक

“सोळा नंबर?”

“हजर.”

“सतरा?”

नातीनं अंड्यांच्या ट्रेमध्ये पाहिलं. सतराव्या खळग्यात नट नव्हता. तिनं मुकाट्यानं उजवा हात वर केला.

“कुठं पडला?”

“माहीत नाही, आजोबा. माझ्याच हातून गेला, एवढं खरं.”

“मग दोघं मिळून शोधू,” म्हणत मास्तर गुडघे धरून खाली बसले.

वर्गात छत्तीस वर्षं त्यांचा हाच नियम होता. चूक ज्याची त्यानं हात वर करायचा. हात वर केला की शिक्षा नाही, बोलणीसुद्धा नाहीत. मागच्या शेडमध्ये मोटारसायकल खोलायला घेतली तेव्हा तोच नियम तिथंही लागू झाला. दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चुका ढिगानं होणार होत्या.

गाडी नातीच्या बापाची. सात वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. एका सकाळी तो कामावर निघाला, उतार संपतो तिथल्या भिंतीवर आदळला आणि संपला. रस्त्यावर टायर घासल्याची एकही खूण नव्हती. ब्रेकच लावला नाही, लोक म्हणाले. सुसाट होता. म्हणता म्हणता ते सगळ्यांना पाठ झालं. गेल्या महिन्यात शाळेत नातीला कुणीतरी म्हणालं, “हळू पळ गं, बापावर जाऊ नकोस.” त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ताडपत्री ओढली. रस्त्यात मांजर बसलेलं दिसलं तरी थांबणारा त्यांचा पोरगा. दोष गाडीतच असणार. तो शोधायचा, नातीच्या वहीत लिहून द्यायचा आणि मगच गाडीला रंग चढवायचा, असं त्यांनी ठरवलं.

सून घरी शिवणकाम करायची. ती शेडच्या दारात आली, हातात कात्री तशीच.

“अप्पा, राहू दे ना ती तशीच.”

“पोरीसाठी करतोय गं.”

तिची नजर गाडीच्या चाकांवर गेली. “इंजिन खोला, टाकी खोला. चाकांना मात्र हात लावू नका. चाकं मी नवी आणून देते.”

“जुनी धडधाकट आहेत की!”

“नवीच घालू,” ती म्हणाली आणि आत गेली. लगेच मशीनची खडखड सुरू झाली.

बिचारीच्या मनात धास्ती बसलीय, मास्तरांना वाटलं. त्यांनी वाद घातला नाही.

गंजलेले नट सुटेनात, तेव्हा त्यांनी आपली तेलाची कुपी मागितली. मशीनच्या तेलाची, लांब चोचीची. एके काळी घरात काहीही कुरकुरलं की मास्तर तिथं चोच खुपसून मोकळे व्हायचे. दार असो, पंखा असो, शेजाऱ्यांची सायकल असो. गल्लीत त्यांचं नाव तेलमास्तर पडलं होतं. शेजारीण तर तोंडावर विचारायची, “आमच्या ह्यांचे गुडघे वाजतात हो, दोन थेंब सोडता का?”

“कुपी हरवली, अप्पा,” सून मान वर न करता म्हणाली. “सात वर्षं झाली.”

खरंच की. पोरगा गेल्यापासून घरातली सगळी दारं कुरकुरत होती आणि त्यांना ते ऐकूही आलं नव्हतं.

पाच रविवार गेले. इंजिन झालं, चेन झाली, हँडल झालं. एकेका भागापुढे नात वहीत ‘ठीक’ लिहायची. लिहिता लिहिता तिचं अक्षर बारीक होत चाललं. सहाव्या रविवारी उरली फक्त चाकं.

“आई रागावेल, आजोबा.”

“आई कापड आणायला गेलीय. बघू आणि परत बसवू.”

मागचं चाक काही निघेना. शेवटी नात कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला घेऊन आली. त्यानं हातोडीचे चार ठोके घातले आणि चाक सुटलं.

“ओळखतो मी हिला,” तो म्हणाला. “ब्रेक लावला की काय किंचाळायची! माझ्या दुकानापर्यंत ऐकू यायचं.”

“हो!” नात हसली. “सकाळी जाताना गल्लीच्या तोंडाशी एकदा, येताना एकदा. ते ऐकूनच आई गॅस पेटवायची. शेवटच्या दिवशी मात्र गप्प गेली. मी खिडकीत होते.”

गॅरेजवाल्यानं चाकाचा ड्रम उघडला. आतून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. त्याचं हसू मावळलं.

“ह्या ब्रेकच्या पट्ट्या. कोरड्या ठणठणीत असाव्या लागतात. ह्या बघा, तेलानं चिकट झाल्यात. अशा पट्ट्यांवर कितीही दाबा, गाडी थांबायची नाही. आणि ह्या गाड्यांचा पुढचा ब्रेक नावालाच.”

“आतलंच गळलं असेल?” मास्तरांनी विचारलं.

“छे. पातळ तेल होतं, बाहेरून सोडलेलं. किंचाळत होता ना? कुणीतरी केला गप्प.”

मास्तरांचा अंगठा आपोआप वाकला, कुपीचं बूड दाबताना वाकायचा तसा.

“म्हणजे बाबांनी ब्रेक लावला होता?” नातीनं विचारलं.

“लावला असणार, पोरी. जीव खाऊन लावला असणार.”

नात हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. मग बाहीनं डोळे पुसून तिनं वही उघडली. ‘मागचं चाक’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

“तेल कुणी घातलं? तेही लिहायला हवं.”

“मी.”

दारात सून उभी होती. काखेत कापडाचा गठ्ठा. तिची नजर त्या उघड्या ड्रमवरून हलत नव्हती.

“मशीनचं तेल होतं. मी घातलं. लिही.”

नातीचं पेन थांबलं.

“मग हात वर कर,” ती कशीबशी म्हणाली.

सुनेनं गठ्ठा खाली ठेवला. पण तिच्या आधी मास्तरांचा हात वर गेला होता.