तीनशे यार्डांवर

एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना यंदा घरात एकट्या केल्सीच्या नावानं निघाला होता, म्हणजे बार तिनंच काढायचा. आज मोसमाचा शेवटचा दिवस. हिवाळ्याचं मांस मिळालं तर आजच. तान्ह्याला सासूबाईंकडे सोपवून ती पहाटेपासून नवरा आणि सासऱ्याच्या मधे उतारावरच्या गवतात पालथी पडली होती. दुधानं छाती ठणकत होती.

अखेर तीनशे यार्डांवर एल्क येऊन उभा राहिला.

"पोरी, माझी थर्टी-ऑट-सिक्स घे," सासरा डेल रायफल पुढे करत कुजबुजला. "ह्याच्या थ्री-ओ-एटची गोळी तिथवर जाईतो हातभर खाली बसेल."

"हातभर? बोटभर म्हणा, बाबा!" नवऱ्यानं, कॉल्बीनं, आपली रायफल पुढे सरकवली. "तुमच्या काडतुसाचा धक्का तिचा खांदा निखळवेल."

"खांदे जपून काय चिमण्या मारायच्यात?"

"अहो, कुठलीही द्या, पण द्या!" केल्सी दातओठ खात म्हणाली.

"तू थांब गं!" दोघं एकदम ओरडले. एल्कनं कान टवकारले आणि एका उडीत तो झाडीत दिसेनासा झाला.

घरी सासूबाईंनी रडणारं बाळ तिच्या कुशीत देत विचारलं, "काय झालं?" बापलेकांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं.

"हिनं फार वेळ लावला."