वीस मार्कांची अर्पिता

"बस चुकली ना, बेटा? थांब तिथंच."

अर्पिताचा मेसेज वाचला आणि वाटूर फाट्यावर एकट्याच उभ्या असलेल्या तृप्तीनं आजूबाजूला पाहिलं.

बस चुकली होती हे खरं. दोनच मिनिटांपूर्वी तिनं तसं कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं होतं. उशीर होणार असेल तर कळवायचं, असा गंधाली मॅडमचा नियमच होता.

मॅडमचं सगळंच ग्रुपवर. नोट्स ग्रुपवर, हजेरी ग्रुपवर. पहिल्याच दिवशी प्रत्येकानं आपला परिचय टाकायचा: गाव कोणतं, येता कशानं, घरी कोण कोण. ग्रुपची लिंक तर कॉलेजच्या फाटकावरच डकवलेली. शिकायला कुणी आलंच तर येऊ द्या की, म्हणायच्या.

आणि मागच्या बुधवारी त्यांनी लिहिलं, "सायबर सुरक्षेचा प्रयोग. एक बनावट खातं तुमच्यापैकी एकीला गाठेल. न घाबरता बोलत राहा, पुरावे जमवा. वीस मार्क. पण मला विचारायचं नाही, हं!"

शुक्रवारी अर्पिता नावाच्या अनोळखी खात्यावरून पहिला मेसेज आला. "तुझा बबलूदादा फार कडक आहे ना?"

तृप्तीची बोबडीच वळली. तिनं धावत जाऊन दैवशालाला, वर्गातल्या मैत्रिणीला, फोन दाखवला.

दैवशाला खो खो हसली. "अगं येडे, मॅडमच हायेत ह्या! 'बेटा' दुसरं कोण म्हणतं? आन् बबलूदादाचं तूच लिहिलंस न्हाई का परिचयात? काहून भिऊन राह्यली? वीस मार्क चालत आले तुझ्याकडं!"

पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. वडील गेल्यापासून घरात बबलूचाच शब्द चालायचा, आणि तो बजावून बसला होता, "फोनवर अनोळखी कुणाशी बोलताना दिसलीस, तर कॉलेज बंद. बिलकुल बंद."

काल संध्याकाळी ती पाणी भरायला गेल्ती. परत आली तर तिचा फोन बबलूच्या हातात. तो काही बोलला नाही. आज सकाळीही बोलला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं बाई! त्या धसक्यातच आजची बस गेली.

तिनं लिहिलं, "मॅडम, तुम्हीच ना?"

"हुशार आहेस, बेटा. गाडी पाठवतेय, मागं लिफ्ट दिली होती ना, तशी. पुरावे घेऊन ये. आजच मार्क."

तृप्तीच्या जिवात जीव आला. श्रावणात मंठ्याहून येताना मॅडमनी तिला खरंच गाडीत घेतलं होतं. पांढऱ्या गाडीजवळचा तो फोटो तिनं हौसेनं ग्रुपवर टाकला होता. खाली बावन्न जणांचे अंगठे.

पांढरी गाडी आली. काच खाली झाली.

"तृप्ती ना? मॅडमनी पाठवलंय. बसा जल्दी."

माणूस अनोळखी होता. तृप्तीचा पाय उचलेना. बसची वाट बघावी का? पुढची बस नऊला.

तेवढ्यात गावाच्या बाजूनं फटफट ऐकू आली. तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. बबलूची गाडी! एका हातानं हँडल धरून तो दुसरा हात हलवत होता, बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

"तृप्ते! थांब! थांब म्हणतो ना!"

वाचले त्यानं मेसेज. संपलं कॉलेज. आता फरफटत घरी नेईल, आणि मंग चूल, मूल आणि एखादं स्थळ. तृप्तीनं मागचा दरवाजा उघडला आणि अंग आत टाकलं.

"चला, दादा! लवकर चला!"

दार लागलं. गाडीनं असा काही वेग घेतला, की बबलूची फटफट बघता बघता मागं पडली. तृप्तीनं ओढणीनं घाम टिपला. सुटले बाई एकदाची! फोन हातात वाजला तेव्हा ती चक्क हसत होती.

ग्रुपवर गंधाली मॅडमचा मेसेज होता.

"सुप्रभात मुलांनो. तापामुळं मी गेल्या गुरुवारपासून अंथरुणावर आहे. बनावट खात्याचा प्रयोग अजून सुरू केलेला नाही. बरी झाले की करू."