दारातली बादली

"हात धुऊन घ्या, मोठे मामाजी," काजल म्हणाली आणि अण्णाजींचा उंबऱ्यावरचा पाय तिथेच अडला.

दाराशी पाण्याची बादली, प्लास्टिकचा मग आणि साबणाची वडी. आत बाजेवर तिचा नवरा, धनंजय. अण्णाजी त्याचे मोठे काका. वडील गेल्यापासून या घरात त्यांचाच शब्द चाले, आणि त्यांना 'थांबा' म्हणणारं माणूस अल्लीपुरात अजून जन्माला यायचं होतं. त्यांच्या मुठीत गावदेवीच्या अंगाऱ्याची पुडी होती. तो पुतण्याच्या पायाला लावायलाच ते आले होते.

पण हा पाय आता साधा राहिला नव्हता. मांडीच्या हाडात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी अर्धं हाड गुडघ्यासकट काढून तिथे धातूचं बसवलं होतं. धनंजय काठीवर चालू लागला, आपल्या आटाचक्कीवर जाऊन बसूही लागला. मग एक दिवस टाक्यांजवळून पाणी झिरपायला लागलं. आठ दिवसांनी ताप डोक्यात गेला, तेव्हा त्याला इस्पितळात नेलं. पट्टी सोडली तर जखमेत हळद आणि तूप भरलेलं. हे कोणी केलं, डॉक्टरांनी विचारलं. काजल म्हणाली, मी. साऱ्या वॉर्डासमोर तिने बोलणी खाल्ली. शेजारी तिची सासू रुख्माबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती.

डॉक्टरांनी पाय पुन्हा उघडून आतून धुतला. घरी सोडताना बजावलं, की औषध रक्तातून पोचतं आणि धातूत रक्त नसतं. जंतू तिथे ठाण मांडून बसले की हलत नाहीत. आता पुन्हा पू झाला तर पाय ठेवता येणार नाही.

तेव्हापासून दारात ही बादली होती. आपल्याकडे भेटायला येणारा आधी आजाऱ्याचा पाय दाबतो आणि मग विचारपूस करतो. काजलने सरपंचांना हात धुवायला लावले, अख्ख्या भजनी मंडळाला रांगेत उभं केलं. लोक तोंडावर हसले आणि माघारी म्हणाले, हे वरातीमागून घोडं. धनंजयलाही तसंच वाटायचं. दीड महिना तो तिच्या हातचं जेवत होता, पण मान वर करून तिच्याशी धड बोलला नव्हता. पाय आपला आणि प्रयोग हिचे, हा राग त्याच्या मनातून जात नव्हता.

"ज्या हातानं हळद लावली, त्याच हातानं मले साबण दावून राह्यली काय?" अण्णाजी म्हणाले आणि तिला बाजूला सारून आत वळले.

धनंजयने पायावर चादर ओढली. अण्णाजींना थांबवावं असं त्याला फार वाटलं, पण लहानपणापासूनचा धाक, जीभ रेटेना.

तेवढ्यात रुख्माबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. भासऱ्यापुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, उभं राहायचं नाही, बोलायचं तर नाहीच, ही रीत तिने चौतीस वर्षं पाळली होती. एवढ्या वर्षांत अण्णाजींनी तिचा आवाज ऐकला असेल तर तो खोकल्याचा. ते आले की चहा झाल्याचं ती भिंतीला सांगायची आणि भिंतीपलीकडचं कोणीतरी कप घेऊन जायचं. आज तिचा पदर कपाळाच्याही खाली ओढलेला होता, पण पावलं दारात रोवलेली होती.

"हात धुतल्याबिगर आत जाऊ नका," ती म्हणाली. "अन् अंगारा कपाळाले लावा. पायाले नाई."

अण्णाजी त्या पदराकडे बघतच राहिले. मग त्यांनी पुडी कोनाड्यात ठेवली आणि बादलीपाशी वाकले. काजलने पाणी घातलं. बाजेवरून हे बघताना धनंजयचा ऊर भरून आला. काय छातीची आई आपली. सुनेची एवढी मोठी चूक पोटात घातली आणि वर तिच्यासाठी जन्माची रीत मोडली.

"हे सून आधीच एवढी शायनी असती, तं पोरावर ही पाळी काऊन आली असती?" साबण चोळता चोळता अण्णाजी पुटपुटले.

रुख्माबाई आत जायला वळली होती. ती थांबली. तिने पदर कपाळावरून मागे सारला आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा भासऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"हळद मी लावलती," ती म्हणाली. "हे पोरगी दीड महिन्यापासून माह्या वाट्याचं ऐकून राह्यली."