खोक्यावरचं विमान

सुटे भाग जोडून बनवायचं ते लढाऊ विमान खेळण्यांच्या कंपनीने पुन्हा बाजारात आणलं, तेही खोक्यावर जुनंच, हाताने रंगवलेलं चित्र छापून. काळे ढग, पेटलेलं इंजिन, दात-ओठ खाणारा वैमानिक! पन्नाशीतले काका लोक दुकानांवर तुटून पडले आणि "हेच ते आमचं बालपण!" म्हणत डोळे पुसू लागले.

सगळा माल खपल्यावर पॅकिंगच्या सुपरवायझरला गोदामात सुट्या भागांचा ढीग जसाच्या तसा दिसला आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. आपण रिकामीच खोकी सील करून धाडली! नोकरी गेलीच असं धरून तो फोनकडे बघत बसला. पण येत होती ती नुसती शाबासकी. "काय पॅकिंग आहे हो, हलवलं तरी आत काही खुळखुळत नाही!"

अखेर एक गिऱ्हाईक फोनवर कडाडलं, "लाज नाही वाटत असला माल विकायला?"

सुपरवायझर खुर्चीतून उठून उभाच राहिला. "माफ करा साहेब, चूक माझीच..."

"खोक्याचा कोपरा चेपलाय!"

त्याच्या जिवात जीव आला. पण जीभ कुठली गप्प बसते? "आणि... आतलं विमान, साहेब?"

"मी काय लहान पोर आहे, खोकं उघडायला?"